ऐकण्याची शिकवणी

जून २०१९ मध्ये माझी बदली जळगाव जामोद येथे झाली, तेव्हा माझ्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. वसईच्या घरी नकाशा उघडून पाहिला, तर बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी हे गाव. धाकटी लेक म्हणाली, "पप्पा, हे म्हणजे केळीचे जळगाव ना?" ते जळगाव वेगळे आणि हे वेगळे, हे तिला समजावताना मला कुठे ठाऊक होते, की पुढील तीन वर्षे प्रत्येक भेटणाऱ्याला मला हेच समजावून सांगावे लागणार आहे!

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने पहाटे नांदुऱ्यास उतरायचे आणि एस.टी.ने पूर्णा नदी ओलांडून उत्तरेकडे जायचे. दोन्ही बाजूंना कपाशीची काळी जमीन आणि समोर सातपुड्याची निळसर भिंत. पूर्णेच्या या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. विहिरीला पाणी असते, डोळ्यांना ते स्वच्छही दिसते. परंतु ओंजळ तोंडाला लावली, की कळते, हे पिण्याचे नव्हे. एस.टी.तल्या सहप्रवाशाने ही माहिती दिली, तेव्हा मी ती केवळ भूगोल म्हणून ऐकली. तिचा अर्थ मला फार उशिरा उमगला.

कुटुंब वसईला राहिले. वृद्ध आई, मुलीचे महाविद्यालय, वाडीतले घर. कोणी कोणासाठी काय सोडायचे? मी एकटाच निघालो आणि सोबतीला गिटार घेतली. चौदाव्या वर्षापासून, म्हणजे १९७६ पासून, ती माझ्या हाती आहे. त्या काळी आमच्या चर्चच्या गायनवृंदात गिटार नुकतीच रुळली होती. गिटार हे नाचगाण्यांचे वाद्य, ते वेदीजवळ कशाला, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी तेव्हा पुष्कळ होती. पुढे तारुण्याच्या भरात मी लग्नाच्या बँडमध्येही वाजवू लागलो. हंगामात आठवड्याला तीन-तीन लग्ने. एका बाजूला ड्रम, दुसऱ्या बाजूला ट्रम्पेट आणि पाठीमागे माझा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर. वीस वर्षे मी त्या तिहेरी माऱ्यात उभा राहिलो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की कानांत शिटी वाजत राही. सकाळी ती थांबे आणि मी विसरून जाई.

तो लाकडी अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसे लागत. तो जळगाव जामोदला नेणे शक्यच नव्हते आणि नेऊन उपयोगही नव्हता. मी ज्या घराच्या माडीवर भाड्याने राहिलो, ते शेतकऱ्याचे घर. रात्री नऊला तिथे दिवे मालवत आणि पहाटे चारला गोठ्यात हालचाल सुरू होई. म्हणून त्या वर्षीच्या दिवाळीला वसईस गेलो असता मुंबईहून मी एक छोटी पेटी विकत आणली. तिला डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर म्हणतात. आकाराने ती वेदीवरच्या मिस्सा-ग्रंथाएवढी. गिटारची वायर एका बाजूने जोडायची, दुसऱ्या बाजूने कानाला हेडफोन लावायचे. कितीही जोरात वाजवा, खालच्या माणसाची झोप मोडत नाही.

या पेटीत काय असते, हे सांगायला हवे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार थरथरली, की त्यात अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. त्या क्षीण प्रवाहाला आवाजाचे रूप अ‍ॅम्प्लिफायर देतो. परंतु जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर हे काम निर्विकारपणे करीत नसत. आपल्या आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला जशी एक उबदार घरघर होती, तसा प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरचा आपला एक स्वभाव असे. जास्त ताण दिला, की व्हॉल्व्ह स्वराची टोके घासून बोथट करीत आणि त्यातून नवे उपस्वर जन्माला येत. वादक ज्याला 'टोन' म्हणतात आणि आपण ज्याला आवाजाचा पोत म्हणू, तो असा घडे. १९६२ मध्ये लंडनमधील जिम मार्शल या ड्रमवादकाच्या दुकानात जो अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला, तो अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या 'बासमन'च्या आराखड्यावरूनच बेतलेला होता. तथापि सुटे भाग इंग्लंडात मिळाले ते वापरले आणि आवाज निराळाच निघाला. नक्कल करायला बसलेल्या माणसाच्या हातून असे कधी कधी अस्सल काही निर्माण होते.

डिजिटल पेटी हा सारा स्वभाव गणिताने उभा करते. तारेचा प्रवाह ती सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजते आणि त्या आकड्यांवर व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर यांची समीकरणे चालवते. जपानच्या रोलँड कंपनीने १९९५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या लाइन सिक्सने १९९६ मध्ये अशी यंत्रे बाजारात आणली. २०११ मध्ये जर्मनीच्या केम्पर कंपनीचे यंत्र आले, ते तर खऱ्याखुऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला समोर ठेवून त्याची छबी टिपून घेते. मला सर्वांत मोह पडला, तो स्पीकरच्या नकलेचा. रिकाम्या चर्चमध्ये उभे राहून आपण एकच टाळी वाजवली, तर भिंती, छत आणि खांब मिळून तिला एक उत्तर देतात. ते उत्तर म्हणजे त्या वास्तूची ओळखच. तसेच स्पीकरच्या खोक्याला एक क्षणिक ध्वनी ऐकवून त्याचे उत्तर नोंदवून ठेवतात आणि मग आपण वाजवलेला प्रत्येक स्वर त्या उत्तरातून गाळून घेतात. ही चाळणी बंद केली, तर तीच गिटार मधमाश्यांचे मोहोळ उठावे तशी कानावर येते.

पहिले दोन महिने मी खेळण्यात हरवलेल्या मुलासारखा होतो. बँकेतून आल्यावर पिठले-भाकरी उरकायची आणि हेडफोन चढवायचे. पेटीत साठ-सत्तर अ‍ॅम्प्लिफायरांच्या नकला होत्या. गेन, बास, मिडल, ट्रेबल, प्रेझेन्स अशी बटणे फिरवीत मी रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत बसे. आरंभी गिटारमधून एक अखंड गुणगुण येई. आपल्या देशातील वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते, तिचाच तो सूर. घरमालकांनी गावातला वायरमन आणला, त्याने मिठा-कोळशाचा खड्डा करून नवे अर्थिंग दिले आणि गुणगुण बरीच कमी झाली. शेवटी मला हवा तसा पोत सापडला. बँडच्या दिवसांतला, लखलखीत, धार असलेला. पेटीत तो बारा क्रमांकावर जतन करून ठेवला.

त्या भागात आम्ही ख्रिस्ती कुटुंबे थोडी. सणाच्या मिस्सेसाठी दुरून दुरून माणसे जमत. नाताळात मुलांच्या गायनाची तयारी करणाऱ्या सिस्टरांनी विचारले, "गिटार वाजवाल का?" मी अर्थातच होय म्हणालो. पत्नीही वसईहून आली होती. २०१९ च्या नाताळच्या रात्री मी माझी पेटी सभागृहाच्या मोठ्या स्पीकरला जोडली आणि बारा क्रमांक लावला.

पहिल्याच गीताला सिस्टरांनी माझ्याकडे पाहून तळहात खाली दाबला. मला वाटले, लय कमी करायला सांगतात. मी लय कमी केली. त्यांनी पुन्हा तळहात दाबला, मी आणखी संथ झालो. मुले बिचारी श्वास पुरेना म्हणून कासावीस झाली. मिस्सा संपल्यावर सर्वांनी नाताळच्या शुभेच्छा दिल्या. परंतु वाजवण्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. घरी परतताना रिक्षात पत्नी म्हणाली, "मुलांचा एक शब्द ऐकू आला असेल, तर शपथ. सिस्टर आवाज कमी करा म्हणत होत्या. तुमची ती गिटार सुरीसारखी चालत होती."

मी दुखावलो. दोष पेटीचा, सभागृहाच्या पत्र्याचा, स्पीकरचा. मी सोडून सगळ्यांचा. नव्या वर्षात मी हट्टाने त्या विद्येच्या मागे लागलो. मार्चमध्ये टाळेबंदी आली. बँक सुरूच होती, पण दुपारनंतर रस्ते ओस पडत. वेळच वेळ होता. जे वाचले, त्यातून माझ्या पहिल्या चुकीचा उलगडा झाला. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते, की आपला कान सर्व आवाजांना सारखे माप लावीत नाही. आवाज हळू असला, की खर्जाचे आणि अगदी वरच्या पट्टीचे स्वर कानाला फिके वाटतात. आवाज वाढला, की तेच स्वर उसळून वर येतात. मी माडीवरच्या शांततेत, हळू आवाजात, फिके वाटणारे दोन्ही काठ वाढवून ठेवले होते. मोठ्या स्पीकरवर ते काठ फुटून वाहिले. जे जिथे वाजवायचे, तिथल्या मोठेपणी ऐकूनच ते घडवायचे असते.

दुसरी चूक गेनची. एकट्याने वाजवताना स्वराला जितका चुरा, जितकी खरखर, तितकी मजा वाटते. परंतु चार-सहा तारा एकदम छेडल्या, की त्या खरखरीत स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. तिसरी चूक जागेची. गिटारची सर्वांत जाड तार ८२ आवर्तनांवर बोलते. तिच्या आसपासचा प्रदेश ढोलकी आणि पुरुषांच्या आवाजासाठी सोडलेला बरा. आणि दोन हजार ते चार हजार आवर्तनांचा जो पट्टा आहे, त्यात मानवी कान सर्वांत तीक्ष्ण असतो. शब्दांतील बहुतेक व्यंजनांची स्पष्टता या पट्ट्यावर आणि त्याच्या थोड्या वरच्या भागावर अवलंबून असते. गिटारने तिथे ठाण मांडले, तर गाणे ऐकू येते आणि प्रार्थना ऐकू येत नाही. माझ्या गिटारने नाताळच्या रात्री नेमके हेच केले होते.

हे सारे शिकून मी नवा पोत घडवला. त्याला तेरा क्रमांक दिला. घरमालकांच्या परवानगीने एका दुपारी छोटा स्पीकर लावून मोठ्याने वाजवला. त्यांची सातवीतली नात जिन्यात येऊन उभी राहिली. मी विचारले, "कसे वाटते?"

तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "काका, गाणं चांगलं हाय. पण कानाले टोचते."

मी ट्रेबल कमी केले. "आता?"

"आताबी टोचते."

आणखी कमी केले. तिने नाक मुरडले. मला तर आता गिटार घोंगडीत गुंडाळल्यासारखी वाटत होती. पोरीला संगीतातले काय कळते, असे मनाशी म्हणत मी पेटी बंद केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमधली गोष्ट. बँकेत टेबलासमोर पारदर्शक पडदा लावलेला आणि सर्वांच्या तोंडाला मास्क. गेले काही महिने मला वाटत होते, की लोक फारच पुटपुटू लागले आहेत. एक वृद्ध गृहस्थ पीककर्जाच्या चौकशीला आले. मी गाव विचारले. त्यांनी सांगितले. मला नीट लागले नाही. मी पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज चढला होता.

जळगाव जामोद तालुक्यात कोरकू आणि भिल्लांप्रमाणेच निहाल समाजाचीही वस्ती आहे. त्यांची निहाली भाषा हे एक नवलच. कोरकू मुंडा कुळातली म्हणून ओळखता येते, मराठी आर्य कुळातली. परंतु निहालीचे कूळ भाषाशास्त्रज्ञांना आजवर ठरवता आलेले नाही. जगाच्या पाठीवर ती बोलणारी माणसे अवघी दोन-अडीच हजार, तीही या सातपुड्याच्या कुशीत. हे मी कौतुकाने वाचले होते आणि त्या दिवशी ते कौतुक माझ्या अंगाशी आले. मी शेजारच्या तरुण सहकाऱ्याला म्हणालो, "यांची भाषा मला समजत नाही, जरा बघता का?"

सहकारी चमकला. हलकेच म्हणाला, "सर, ते मराठीतच बोलताहेत. सोनबर्डी म्हणताहेत."

सोनबर्डी. गावच्या नावातला पहिला 'स' मला ऐकूच आला नव्हता. पडद्याआड बसलेल्या त्या वृद्धाने मान खाली घातली होती. आपले बोलणे साहेबाला समजण्याच्या योग्यतेचे नाही, अशी सवय झालेल्या माणसाची ती मान होती. मी दिलगिरी व्यक्त केली, त्यांचे काम केले. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही. पत्नीची तक्रार आठवली, की मी तिचे अर्धे बोलणे ऐकतच नाही. सिस्टरांचा खाली दाबलेला तळहात आठवला. 'कानाले टोचते' आठवले. आणि ध्यानात आले, की मास्क येण्यापूर्वी मी माणसांचे बोलणे कानांनी कमी आणि त्यांच्या ओठांवरून जास्त ऐकत होतो. ओठ झाकले गेले आणि माझे पितळ उघडे पडले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अकोल्याला जाऊन कान तपासून घेतले. एका छोट्या, चहूबाजूंनी बंद खोलीत बसवतात. कानाला हेडफोन लावून एकेक स्वर ऐकवतात, २५० आवर्तनांपासून ८,००० पर्यंत. ऐकू आला, की बटण दाबायचे. आयुष्यभर स्वरांत वावरलेल्या माणसाला ही परीक्षा ती काय! परंतु अधूनमधून फार वेळ शांतता राही. बाहेर आल्यावर कळले, की ती शांतता नव्हती. तेव्हाही स्वर वाजत होते.

कागदावर आलेख काढून दाखवला. हजारापर्यंत रेषा सरळ, दोन हजारांनंतर उतार आणि चार हजारांवर एक खोल खड्डा. तपासणाऱ्या बाईंनी विचारले, "गिरणीत होतात का? की फटाक्यांचा, बंदुकीचा संबंध?" मी म्हणालो, "लग्नाच्या बँडमध्ये होतो." त्यांनी मान डोलावली. आपल्या कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात पंधरा हजारांच्या आसपास सूक्ष्म केसपेशी असतात. प्रचंड आवाजाने त्या झिजतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाचा पहिला घाव बहुधा चार हजारांच्या आसपासच पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला, तर चालतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. आमच्या बँडचा आवाज कोणी कधी मोजला नाही. पण शंभराच्या खाली तो खात्रीने नव्हता. शंभर डेसिबलला आठवडाभराची मुदत अर्ध्या तासाच्याही आत संपते. आम्ही एका लग्नात चार तास वाजवीत असू.

परतीच्या एस.टी.त खिडकीपाशी बसलो होतो. पूर्णेचा पूल आला. खारपाणपट्ट्याविषयी ऐकलेले ते वाक्य तेव्हा आठवले. विहिरीत पाणी आहे, पण पिता येत नाही. माझ्या कानाशी आवाज येतो, पण शब्द उमटत नाही. आणि ज्या पट्ट्यात माझा कान आंधळा झाला होता, नेमका तोच पट्टा मी गिटारमध्ये वाढवीत आलो होतो. मला जे कमी ऐकू येत होते, ते मी सर्वांच्या कानांत ओतत होतो. बारा क्रमांकाचा तो लखलखीत पोत म्हणजे माझ्या बहिरेपणाची उलटी छबी होती. एका कोवळ्या मुलीने ते दोन शब्दांत सांगितले होते आणि मी तिला संगीतातले काय कळते, म्हणून मनातल्या मनात उडवून लावले होते.

त्यानंतरची शिकवणी त्या मुलीकडेच झाली. दर रविवारी दुपारी ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसे. मी एक बटण थोडे थोडे फिरवीत जाई आणि ती टोचेनासे झाले, की हात वर करी. तो आकडा मी वहीत लिहून ठेवी. मग तिने एखादे गाणे म्हणायचे आणि मी साथ करायची. आपले शब्द आपल्याला स्पष्ट ऐकू येतात का, हे तिने सांगायचे. खर्ज शंभराखाली छाटला, गेन चौथाईवर आणला, तीन-चार हजारांचा उंचवटा उतरवून तिथे उलट किंचित खळगी केली, सभागृहाला स्वतःचा घुमारा असतो म्हणून रिव्हर्ब जवळजवळ काढून टाकला. असा चौदा क्रमांक तयार झाला. माझ्या कानाला तो शेवटपर्यंत मंद, जरा झोपाळूच वाटत राहिला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात वाद्यांचाही विचार आहे. पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन इतर वाद्यांनाही त्यात वाट मोकळी ठेवलेली आहे. मात्र ती वाद्ये पवित्र कार्याला योग्य असावीत किंवा योग्य करून घेता येण्याजोगी असावीत, अशी अट आहे. माझ्या तरुणपणी आम्ही या आधारावर वडीलधाऱ्यांशी तावातावाने वाद घालीत असू, की गिटार योग्यच आहे. 'योग्य करून घेता येण्याजोगी' या शब्दांकडे मात्र आमचे कधी लक्ष गेले नाही. वाद्य योग्य करून घ्यायचे, तर ते वाजवणाराही त्यात आला, हे साठीच्या उंबरठ्यावर कळले.

२०२१ च्या नाताळच्या मिस्सेला मोजकीच माणसे होती. मी सिस्टरांना आधीच सारे सांगून टाकले होते. स्पीकरचा आवाज त्यांनी ठरवायचा, मी हात लावायचा नाही. चौदा क्रमांक लावला आणि वाजवू लागलो. जे वाजत होते, ते मला पुरतेपणी ऐकू येत नव्हते. मुलांच्या ओठांकडे पाहत मी साथ करीत होतो. इतकी वर्षे मी माझ्या कानांवर विसंबून वाजवले होते. त्या रात्री प्रथमच दुसऱ्याच्या कानांवर विश्वास ठेवून वाजवले. मिस्सेनंतर एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "पोरं काय गोड गायली हो आज!" गिटारचे त्यांनी नावही काढले नाही. दोन वर्षांपूर्वी कोणी नाव काढले नाही, तेव्हा मी खट्टू झालो होतो. आज त्याच गोष्टीने माझे मन भरून आले.

सोनबर्डीचे ते गृहस्थ मला आणखी दोनदा भेटले. मी त्यांना टेबलाच्या अलीकडे, माझ्या उजव्या हाताला खुर्ची दिली. उजवा कान जरा बरा आहे. त्यांना मी सांगितले, "बाबा, त्या दिवशी तुमचे बोलणे चुकले नव्हते, माझा कान अधू आहे." ते हसले. त्यानंतर ते माझ्याशी सावकाश आणि जरा मोठ्याने बोलत आणि प्रत्येक वाक्यानंतर ऐकू आले ना, म्हणून माझ्या तोंडाकडे पाहत.

जून २०२२ मध्ये निवृत्त होऊन मी वसईला परतलो आणि कानामागे लावायचे यंत्र घेतले. ते हाताळताना मला हसू आले. तेही माझ्या पेटीच्याच कुळातले. छोटा मायक्रोफोन, आवाजाचे आकड्यांत रूपांतर, प्रत्येक पट्ट्याला वेगवेगळी वाढ. आता बटणे फिरवणारे दुसरे कोणी होते आणि मी जिन्यावर बसलेल्या मुलीसारखा, "आताही टोचते" म्हणत होतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका बहिऱ्याला बरे करतात. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करतात, तो त्याच प्रसंगाच्या स्मरणार्थ. त्या कथेतला एक तपशील पूर्वी माझ्या नजरेतून निसटला होता. प्रभू त्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला नेतात. मलाही वसईच्या गजबजाटातून उचलून सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन बसवले गेले, ते कदाचित याचसाठी.

यंत्र लावल्यावर पहिल्या आठवड्यातच मी माडीवर जाऊन पेटी काढली आणि बारा क्रमांक लावला. एकच स्वर छेडला आणि हात आपोआप तारांवर पडून स्वर दाबला गेला. पत्नी खालून म्हणाली, "काय झाले?" तिचा तो प्रश्न मला जिन्याखालून, ओठ न पाहता, स्पष्ट ऐकू आला.

चौदा क्रमांक मी आजही चर्चमध्ये वापरतो. बारा क्रमांक मी पुसलेला नाही. माझेच बरोबर आहे, असे फार वाटू लागले, की तो लावून एकदा ऐकतो.